रात्री पूर आला, माणूस झोपला, तरी धरणाचा दरवाजा उघडणार! विश्वेश्वरय्यांनी हे जमवलं कसं?

रहिमतपूर. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं जुनं गाव. इथल्या मशिदीपासून थोड्या अंतरावर एक मोठी विहीर आहे आणि विहिरीला लागून सुमारे पन्नास फूट उंचीचा बुरूज. नवख्या माणसाला वाटतं, किल्ल्याचा एखादा तुकडा उरला असेल. पण १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये या बुरुजाची नोंद आहे ती हत्तीची मोट म्हणून.

आपल्याकडे मोट म्हटली की बैलजोडी आठवते. इथं मोट ओढायला हत्ती होता. पश्चिमेकडून बुरुजावर चढत जाणारा उतार आहे. हत्तीच्या ताकदीनं पाणी विहिरीतून एवढ्या उंचीवर चढवायचं. उंचावरचं पाणी खाली सोडलं की त्याला दाब मिळतो आणि त्या दाबावर मशिदीसमोरची कारंजी उडायची. इथली जुनी कबर आदिलशाहीतले सरदार रणदुल्ला खान यांच्याशी जोडली जाते, म्हणजे गोष्ट सतराव्या शतकातली.

आता या सगळ्या व्यवस्थेकडे जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. पाणी हलवणारी ताकद हत्तीची. कधी हलवायचं आणि कधी थांबायचं हे ठरवणारं डोकं माहुताचं. आणि वर पाणी आहे की संपलं, हे सगळ्या गावाला सांगणारं कारंजं. कारंजं उडतंय म्हणजे पाणी आहे, कारंजं बसलं म्हणजे हत्ती पुन्हा जुंपा.

आजच्या कुठल्याही ऑटोमॅटिक यंत्रणेत हीच माणसं असतात, फक्त नावं बदललेली. प्रत्यक्ष काम करणाऱ्या हाताला म्हणतात ॲक्च्युएटर. काम झालं की नाही हे सांगणारा दिवा, काटा किंवा आकडा म्हणजे इंडिकेटर. परिस्थिती बघणारा डोळा म्हणजे सेन्सर. आणि मधला माहूत म्हणजे कंट्रोलर.

पण समजा माहूतच काढून टाकला तर? हत्तीही काढला? पाण्यानंच स्वतःची पातळी बघायची, पाण्यानंच ठरवायचं आणि पाण्यानंच दरवाजा उघडायचा, असं झालं तर?

रहिमतपूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुण्याजवळच्या खडकवासल्याला १९०३ मध्ये हे प्रत्यक्षात आलं. वीज नाही, मोटार नाही, रात्रपाळीचा माणूस नाही. ते करणाऱ्या इंजिनिअरचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

नाव सगळ्यांना माहितीय. १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डे असतो, त्या दिवशी पगडी आणि कोट घातलेला त्यांचा फोटो प्रत्येकाच्या स्टेटसला असतो. सोबत रेल्वेचा किस्साही फिरतो. चालत्या गाडीच्या आवाजात फरक पडला, तो त्यांनी ओळखला, साखळी ओढली आणि पुढं रूळ तुटलेला निघाला. किस्सा भारी आहे, पण तो किस्सा म्हणूनच घ्यावा. त्यांच्या ज्या कामाचा आजही रोज उपयोग होतो, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या मुद्देनहळ्ळीचा. तारीख १५ सप्टेंबर १८६१, काही ठिकाणी साल १८६० दिलेलं सापडतं. वडील संस्कृतचे जाणकार, घरची परिस्थिती बेताची. मुलगा शिकत असतानाच वडील गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवला. बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून थेट पुण्याला आले.

पुण्याचं कॉलेज ऑफ सायन्स म्हणजे आजचं सीओईपी. तिथून १८८३ मध्ये ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि बर्कली प्राइझ मिळवलं. हा बर्कली म्हणजे भोर घाटातून रेल्वे चढवण्याच्या कामाशी ज्याचं नाव जोडलं जातं, तो जेम्स बर्कली. १८८४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले.

त्यांची नोकरीची सगळी घडण मराठी मुलखात झाली, हे आपण सहसा विसरतो. नाशिक, खानदेश, धुळे, मग पुणे. खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात त्यांना एका ओढ्याखालून पाणी नेणारा पाइपचा सायफन बांधायचं काम मिळालं. पावसाळा तोंडावर, पात्रात वाळू आणि दगड वाहून येणारे. काम पावसाळ्यानंतर करावं, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही, बोलणी बसली. मग तरुण इंजिनिअरनं तिथंच मुक्काम ठोकून काम पुरं केलं. पाणी किती लवकर चढतं आणि माणसाला किती कमी वेळ मिळतो, याचा पहिला धडा बहुधा इथलाच.

पुढं सिंधमधल्या सक्करला त्यांची बदली झाली. सिंधू नदीचं पाणी गढूळ, आणि शहराला मोठे फिल्टर परवडणारे नव्हते. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून झिरपून आलेलं स्वच्छ पाणी या विहिरीत जमा होणार आणि तिथून ते पंपाकडे नेणार. फिल्टरचं काम नदीच्याच वाळूकडून करून घेतलं. हा त्यांचा स्वभाव लक्षात ठेवा. जे काम निसर्ग फुकट करतोय, त्यासाठी वेगळं यंत्र बसवायचं नाही.

एकोणिसावं शतक संपता संपता ते पुण्यात पाटबंधाऱ्याच्या कामावर आले. आणि इथं त्यांच्या समोर आला खडकवासल्याचा तलाव.

हे धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधलं गेलं. तलावाला नाव होतं लेक फाइफ. पुणे शहराचं आणि लष्कराचं पिण्याचं पाणी इथलं, मुठा कालव्यांवरची शेतीही इथल्या पाण्यावर. मागणी वाढत होती आणि तलाव पुरेना. सरळ उपाय म्हणजे धरणाची भिंत उंच करायची. पण त्याला पैसा लागतो, वेळ लागतो आणि जुन्या भिंतीवर नवीन ओझं टाकावं लागतं.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीऐवजी सांडवा बघितला. सांडवा म्हणजे जादा पाणी ओसंडून जाण्यासाठी मुद्दाम कमी उंचीवर ठेवलेला भाग. पाणी या उंबऱ्याला लागलं की तिथून वाहून जायचं. दर पावसाळ्यात मुठेला मोठा पूर यायचा, तेव्हा पाणी या उंबऱ्याच्या वर सहा ते आठ फूट चढायचं. पूर ओसरला की पाणी परत उंबऱ्यापर्यंत खाली.

गंमत इथं आहे. पुराच्या दिवसांत पाणी आठ फूट वर चढत होतं आणि धरण ते सहन करत होतं. म्हणजे भिंत तेवढ्या उंचीच्या पाण्याला आधीच पुरेशी होती! पण पूर गेला की ती आठ फुटांची जागा रिकामी. वर्षातले थोडे दिवस सोडले तर त्या जागेचा काही उपयोग नव्हता.

मग सांडव्यावर दरवाजे बसवून ते पाणी अडवलं तर? भिंतीला हात लावायचा नाही आणि साठा मात्र सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढतो. आठ फुटांत एवढा फरक कसा, असं वाटेल. तर तलाव असतो परातीसारखा, तळाशी लहान आणि वर पसरट. तळातल्या एका फुटात जेवढं पाणी मावतं, त्याच्या कितीतरी पट वरच्या एका फुटात मावतं.

पण दरवाजे बसवले की खरा धोका सुरू होतो. आता ज्या वाटेनं पूर निघून जायचा, त्या वाटेवर आपणच दार लावलंय. सह्याद्रीत रात्री दोन वाजता ढग फुटल्यासारखा पाऊस पडला, पाणी झपाट्यानं चढू लागलं आणि दरवाजे उघडायला माणूस वेळेवर पोहोचला नाही, तर पाणी भिंतीवरून जाणार. आणि खाली पुणे आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याजवळ राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. बरगे घातलेले असताना अवेळी पाऊस झाला की गावात धावपळ होते. बरगे काढायला माणसं जमवायची, अंधारात, पाण्याच्या दाबाखाली, हातानं. बंधाऱ्यावर चूक झाली तर नुकसान बंधाऱ्याचं आणि काठच्या शेताचं. धरणावर चूक झाली तर शहराचं.

म्हणून विश्वेश्वरय्यांना असा दरवाजा हवा होता, जो उघडायला माणूस लागणारच नाही.

तत्त्व सोपं करून सांगायचं तर असं. विहिरीवरचा रहाट आठवा. दोराच्या एका टोकाला दरवाजा, दुसऱ्या टोकाला जड वजन, मध्ये चाक. दोन्ही बाजूंचा तोल असा ठेवायचा की दरवाजा बंद राहील. आता ते वजन एका कुंडात लोंबतं ठेवायचं. हे कुंड एरवी कोरडं. पण तलावाचं पाणी ठरवलेल्या पातळीला पोहोचलं की ते एका वाटेनं या कुंडात शिरतं. पाण्यात बुडालेली वस्तू हलकी होते, हे विहिरीत घागर ओढणाऱ्या प्रत्येकाला माहिती आहे. घागर पाण्यात असेपर्यंत सहज हलते, बाहेर आली की हाताला रग लागते. तसंच इथं, कुंड भरलं की वजन हलकं पडतं, तोल बिघडतो आणि दरवाजा आपोआप सरकतो. पुराची वाट मोकळी.

तलावाची पातळी खाली गेली की कुंडात नवीन पाणी येणं थांबतं. आधीचं पाणी तळाच्या लहान वाटेनं निघून जातं, वजन पुन्हा जड होतं आणि दरवाजा बंद. शेवटचं पाणी वाया जात नाही.

या तळाच्या वाटेचा आकार फार विचार करून ठरवावा लागतो. ती फार मोठी ठेवली तर कुंड भरणारच नाही. फार लहान ठेवली तर पूर गेल्यावरही दरवाजा उघडाच राहील आणि साठवलेलं पाणी निघून जाईल. दोन्हींच्या मध्ये योग्य माप सापडलं, तर दरवाजा लाटेगणिक फडफडत नाही, थोडं थांबून शांतपणे हलतो. आज घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सतत चालू-बंद होत नाही, त्यामागंही हाच विचार आहे. ठरलेल्या तापमानाच्या थोडं वर गेल्यावर तो चालू होतो आणि थोडं खाली गेल्यावर बंद.

यात सेन्सर कुठला? पाणी. कंट्रोलर? कुंडाच्या तोंडाची उंची आणि तळाच्या वाटेचं माप. ॲक्च्युएटर? वजन आणि पाण्याची उचल. बाहेरची ताकद शून्य. पूर जेवढा जोरात, तेवढं कुंड लवकर भरणार. म्हणजे ज्या संकटात वीज जाते, रस्ता तुटतो, माणूस पोहोचत नाही, त्याच संकटातून या यंत्राला ताकद मिळते.

या दरवाजांचं पेटंट विश्वेश्वरय्यांच्या नावावर होतं. पण खडकवासल्याच्या दरवाजांसाठी त्यांनी रॉयल्टी घेतली नाही. ज्या कामाची जबाबदारी सरकारी अधिकारी म्हणून आपल्यावर आहे, त्याच कामाचे वरून वेगळे पैसे घेणं त्यांना पटलं नाही. पुढं ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही ही पद्धत गेली.

याच काळात त्यांनी नीरा कालव्याच्या भागात ब्लॉक पद्धत आणली. ऊसवाल्यांनी भरपूर पाणी घ्यायचं आणि शेवटच्या शेताला काहीच पोहोचायचं नाही, ही तक्रार तेव्हाही होतीच. त्यांनी कालव्याखालची जमीन तुकड्यांत वाटून पिकं आळीपाळीनं फिरवायची आणि पाणी मोजून, पाळीनं द्यायचं ठरवलं. सुरुवातीला शेतकऱ्यांचा विरोध झाला, ओरड झाली. मग त्यांनी स्वतः समजावलं. कालव्याची पाळी या शब्दाशी आजही पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं नशीब बांधलेलं आहे, त्याची एक मुळी इथं जाते.

पण थांबा, गोष्टीचा दुसरा अर्धा भाग राहिला. दरवाजा आपोआप उघडतो हे ठीक. तो खरंच उघडला, हे दूर बसलेल्या माणसाला कळणार कसं?

खडकवासल्याचं उत्तर सोपं होतं. तिथं उभं राहून बघायचं, पाणी पडतंय की नाही. रहिमतपूरच्या कारंज्यासारखंच. पण यंत्र आणि माणूस यांच्यातलं अंतर वाढत गेलं, तसं बघण्याचं काम दिव्यांकडे आलं. आणि दिवा खोटं बोलू शकतो.

साधं उदाहरण घ्या. विहिरीवरची शेतीची मोटार. स्टार्टरच्या पेटीवर दिवा लागला की आपण म्हणतो मोटार चालू झाली. पण तो दिवा सांगतो काय? पेटीतला कॉन्टॅक्टर ओढला गेला, मोटारीला वीज मिळाली, एवढंच. फूटव्हॉल्व्ह गळून पाइप रिकामा झाला असेल तर मोटार कोरडी फिरत राहते, दिवा मात्र झकास लागलेला. म्हणूनच जुना जाणता शेतकरी दिव्यावर विश्वास ठेवून घरी जात नाही. तो पाटापर्यंत चालत जातो, पाणी आलेलं बघतो आणि मग घरी जातो. आता मोबाइलवरून मोटार चालू करायची सोय आली, रात्रीच्या विजेला ती फार उपयोगाची. पण त्यातही मोटारीनं किती करंट घेतला हे बघणारे स्टार्टर वेगळे आणि नुसता आदेश पोहोचल्याचा मेसेज पाठवणारे वेगळे. कोरड्या चालणाऱ्या मोटारीचा करंट कमी असतो, त्यावरून पहिल्या प्रकारच्या स्टार्टरला फसवणूक कळते.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी हेच घडलं. एक झडप उघडली आणि पुन्हा बंद व्हायला हवी होती. पॅनेलवरचा दिवा विझला, म्हणजे झडप बंद झाली असं कर्मचाऱ्यांनी धरलं. पण तो दिवा झडपेला जोडलेला नव्हता. झडपेला जो विजेचा आदेश जातो, त्या आदेशाला तो जोडलेला होता. आदेश थांबला होता, झडप उघडीच अडकली होती. थंड ठेवणारं पाणी दोन तासांहून जास्त वेळ निघून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अर्धवट वितळला.

म्हणून आज चांगल्या धरणाच्या दरवाजाला दोन वेगळ्या तारा असतात. एक आदेश नेणारी, एक खबर आणणारी. दरवाजाच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच बसवतात. दरवाजा स्वतः येऊन स्विचला टेकला, तरच खोलीतला दिवा लागतो. मधल्या प्रवासासाठी वेगळं माप असतं, ते दरवाजा किती उचलला गेला हे फुटांत दाखवतं. कोयनेचे सहा वक्र दरवाजे दीड फुटांवर, तीन फुटांवर अशी बातमी पावसाळ्यात आपल्या फोनवर येते, तो आकडा याच प्रकारच्या मापाचा. कराड, सांगलीतली घरं तो आकडा बघून सामान माळ्यावर टाकायचं की नाही हे ठरवतात.

दिव्यांच्या रंगाचंही एक सांगण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. वीज उपकेंद्रात मात्र ब्रेकरवर लाल दिवा म्हणजे जोडलेला, आत वीज खेळतेय, हात लावू नका. हिरवा म्हणजे सुटलेला. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो त्या जागेवरच्या लोकांनी ठरवून घेतलेला असतो. नवीन माणसानं पहिल्या दिवशी तो विचारून घेणं बरं.

परत विश्वेश्वरय्यांकडे येऊ. मुंबई सरकारच्या नोकरीत ते अनेक सीनियर लोकांना मागं टाकून वर गेले होते, त्यावरून खात्यात नाराजी होती. शिवाय सगळ्यात वरची खुर्ची हिंदी माणसाला मिळण्याची शक्यता त्या काळात नव्हतीच. १९०८ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली आणि परदेश दौऱ्यावर गेले. तिकडं असतानाच हैदराबादहून निरोप आला. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला भयंकर पूर आला होता, हजारो माणसं गेली होती. त्यांनी हैदराबादला येऊन पाण्याचा सगळा हिशोब मांडला. शहराच्या वर दोन मोठे तलाव बांधून पूर तिथंच अडवायचा, अशी योजना दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर ते हेच.

१९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरचं कृष्णराजसागर, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, म्हैसूर बँक, १९१६ चं म्हैसूर विद्यापीठ, ही सगळी यादी शाळेच्या पुस्तकात असते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. तोवर ते नव्वदी पार करून गेले होते.

पण त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी खडकवासला पुन्हा समोर आलं.

१२ जुलै १९६१. खडकवासल्याच्या वर पानशेतला नवीन मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं पूर्ण व्हायच्या आत पावसाळा आला, तलाव भरला आणि धरण फुटलं. ते सगळं पाणी खालच्या खडकवासल्यात आलं. भिंतीवरून पाणी गेलं आणि ऐंशी वर्षांहून जास्त काळ उभं असलेलं खडकवासलाही फुटलं. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. जुने वाडे कोसळले, हजारो कुटुंबं उघड्यावर आली. पुणेकरांच्या तीन पिढ्या वेळ मोजताना अजून पानशेतच्या आधी आणि पानशेतच्या नंतर असं बोलतात.

विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरला होते, शंभरीच्या उंबरठ्यावर.

काही जण यावरून म्हणतात की स्वयंचलित दरवाजे कुचकामी ठरले. हे बरोबर नाही. सांडवा आणि त्यावरचे दरवाजे आखले जातात ते नदीच्या पुरासाठी. नदीला जास्तीत जास्त किती पाणी येईल, याचा हिशोब करूनच त्यांचं माप ठरतं. वरचं अख्खं धरण एका दिवशी अंगावर येईल, हे त्या हिशोबात नव्हतं आणि १९०३ मध्ये असण्याचं कारणही नव्हतं, कारण तेव्हा वर धरणच नव्हतं. यंत्र त्याला सांगितलेल्या संकटापुरतंच शहाणं असतं. नदीवर नवीन काही बांधलं की खालच्या प्रत्येक दरवाजाचं गणित पुन्हा करावं लागतं.

एप्रिल १९६२ मध्ये विश्वेश्वरय्या गेले. मुद्देनहळ्ळीला, जिथं ते जन्मले, तिथंच त्यांची समाधी आहे. खडकवासला नंतर पुन्हा बांधलं गेलं आणि आजही पुणे त्याचंच पाणी पितं.

पाण्याच्या पातळीवर आपोआप उघडणारे दरवाजे बघायचे असतील तर कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीला जा. छत्रपती शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला असे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये धरण भरलं की ते एकेक करून उघडायला लागतात. कुणी बटण दाबत नाही. पण कुठल्या नंबरचा दरवाजा किती वाजता उघडला आणि किती क्युसेक पाणी भोगावतीत आलं, याचा मेसेज पंचगंगेच्या काठावर काही मिनिटांत पोहोचलेला असतो. रात्रीचे तीन वाजले असले तरी लोक तो उघडून बघतात आणि मग गोठ्यातली जनावरं सोडायला उठतात.